व्हायोला, स्वरलेखन आणि माझी एक जुनी चूक

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावर कुणीतरी विद्वान वक्ता असतो. यंदा कार्यकारिणीने माझ्यासारख्या रुळांची देखभाल करणाऱ्या डिप्लोमा इंजिनिअरला उभं केलं आहे, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नका. आपल्या कुंडमला रेल्वे नाही. हिरन नदीचा उगम आहे, शाळा आहे, साल-सागाचं जंगल आहे, पण रूळ नाहीत. पत्नीच्या नोकरीमुळे आम्ही इथं राहतो आणि मी ड्यूटीसाठी जबलपूरला जा-ये करतो. रविवारी मात्र मी इथं असतो आणि चार मुलांना व्हायोलिन-व्हायोला शिकवतो. त्याबद्दलच आज बोलायचं आहे. शेवटी एक कबुलीही द्यायची आहे.

आधी व्हायोला म्हणजे काय ते सांगतो, कारण गेल्या वर्षी आरतीनंतर एका काकूंनी मला विचारलं होतं, "हे व्हायोलिन जरा सुजल्यासारखं का दिसतंय?" काकूंचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. व्हायोला ही व्हायोलिनची थोरली बहीण. व्हायोलिनचं पोट साधारण १४ इंचांचं, व्हायोलाचं १५ ते साडेसोळा इंचांचं. व्हायोलिनच्या चार तारा जी, डी, ए, ई. व्हायोलाच्या सी, जी, डी, ए. म्हणजे वरची पातळ ई तार काढायची आणि खाली एक जाड सी तार घालायची. त्यामुळे आवाज खोल आणि थोडा घोगरा होतो, आपल्याकडच्या एखाद्या प्रौढ गायिकेसारखा. वाद्यवृंदात व्हायोलिन वरची सुरावट वाजवतं, चेलो खालचा पाया धरतो आणि व्हायोला मधली जागा भरते. ऐकणाऱ्याला ती वेगळी ऐकू येत नाही. पण काढून टाकली की काहीतरी गेलं हे लगेच कळतं. रुळाखालच्या खडीचं असंच असतं, प्रवाशाला ती कधी दिसत नाही. मोझार्टला स्वतःला व्हायोला वाजवायला आवडत असे. बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीतला दुसरा भाग सुरू होतो तोच व्हायोला आणि चेलो यांच्या सुरावटीने. आपल्याकडे कर्नाटक संगीतातले थोर गायक डॉ. बालमुरलीकृष्ण हेही व्हायोला वाजवत.

आता मुद्द्याचा भाग, वाचन.

आपली परंपरा ऐकून शिकण्याची आहे. मींड, गमक, आंदोलन या गोष्टी कागदावर मावत नाहीत, त्या गुरूच्या गळ्यातून घ्याव्या लागतात. तरीही स्वर लिहून ठेवण्याचं मोठं काम आपल्याच मराठी माणसांनी केलं. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) पेशाने वकील. गावोगाव फिरून त्यांनी बंदिशी गोळा केल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, एका मात्रेतल्या स्वरांना खाली अर्धचंद्र. इतकी सोपी पद्धत की आजही शाळकरी मूल ती आठवड्याभरात शिकतं. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यांनीही आपली वेगळी लिपी बसवली. ग्वाल्हेरचं माधव संगीत विद्यालय १९१८ चं, ते भातखंड्यांच्याच मार्गदर्शनाखाली सुरू झालं. म्हणजे मध्य प्रदेशातल्या मराठी माणसाला स्वरलेखन परकं नाही.

वाद्यवृंदाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथं वीस-तीस-साठ माणसं एकाच वेळी वेगवेगळं वाजवतात. आपल्या जबलपूर–कटनी–सतना मार्गावरच्या मैहरला बाबा अल्लाउद्दीन खाँ साहेबांनी अनाथ मुलांना घेऊन मैहर बँड उभा केला. बंदुकीच्या नळ्यांचं नलतरंग त्यातलंच. बाबांनी तरुणपणी कलकत्त्यात लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरांकडे व्हायोलिनचे धडे घेतले होते. पण मुलांना त्यांनी शिकवलं ते मुख्यतः पाठ करून घेऊन, वर्षानुवर्षं. बाबांसारखा गुरू चोवीस तास जवळ असेल तर कागद नसला तरी चालतं. तसा गुरू किती जणांच्या नशिबी असतो?

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत तर वेळच नसे. सकाळी संगीतकाराने चाल पक्की करायची, अरेंजरने प्रत्येक वाद्याचा कागद लिहायचा, तो स्टँडवर लागला की लगेच रेकॉर्डिंग. सगळे एकदम वाजवणार, एकाची चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. हे जमलं ते गोव्याच्या वादकांमुळे. पोर्तुगीज काळात तिथं चर्चच्या शाळांतून मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवत. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस अशी माणसं त्यातून तयार झाली. गोन्साल्विस १९२७ साली माजोर्ड्याला जन्मले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यातले प्यारेलालजी त्यांचे शिष्य. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या त्या प्रसिद्ध गाण्यात शिष्याने गुरूचं नाव अमर केलं. आणि आपले प्रभाकर जोग! १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा त्यात व्हायोलिन त्यांचं होतं. पुढे सुधीर फडके यांचे सहायक म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं.

अशी ही वाचणारी माणसं होती. मी मात्र त्यांच्यातला नव्हतो, आणि इथूनच माझी गोष्ट सुरू होते.

मी वाढलो जबलपूरच्या रेल्वे कॉलनीत. व्हायोलिन शिकलो भातखंडे पद्धतीने. आमच्या ओळीत गोव्याचे एक निवृत्त गार्ड राहत, आम्ही त्यांना अंकल म्हणायचो. नाताळात ते चर्चमध्ये वाजवत. त्यांच्याकडे एक जुनी व्हायोला होती. ती त्यांनी मला दिली आणि पाच रेषांची पट्टी थोडीफार वाचायला शिकवली.

व्हायोलाची एक अडचण आहे. व्हायोलिनचं संगीत ट्रेबल क्लेफमध्ये लिहितात, व्हायोलाचं आल्टो क्लेफमध्ये, जिथं मधल्या रेषेवर मधला सी असतो. रेषा त्याच, स्वर निराळे. व्हायोलिनवाल्यासाठी एक पळवाट आहे. पान ट्रेबलमध्येच आहे असं समजायचं आणि व्हायोलिनवर तिसऱ्या पोझिशनमध्ये जशी बोटं पडतील तशी व्हायोलावर पहिल्या पोझिशनमध्ये टाकायची. स्वर बरोबर येतो. अंकल म्हणाले होते, "ही कुबडी आहे, महिनाभर वापर आणि फेकून दे." मी काही ती फेकली नाही.

२००५ साली, चोवीस वर्षांचा असताना, मुंबईतल्या एका वाद्यवृंदाच्या ऑडिशनला मी गेलो. नुकताच नोकरीत लागलो होतो. रजा टाकली आणि महानगरी पकडली. तयार केलेला तुकडा बरा वाजला. मग त्यांनी समोर एक न पाहिलेलं पान ठेवलं. तीन ओळी कशाबशा गेल्या. चौथ्या ओळीत क्लेफ बदलला, आल्टोचा ट्रेबल झाला. व्हायोलाचे स्वर वर गेले की असं नेहमीच करतात. माझी कुबडी तिथंच मोडली. बोटं कुठं टाकायची ते कळेना. मी थांबलो, पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबलो. समोरचे गृहस्थ शांतपणे "थँक यू" म्हणाले. कुणी वाईट वागलं नाही, कुणी अन्याय केला नाही.

आणि घरी येऊन मी काय सांगितलं? "तिथं सगळं आधीच ठरलेलं असतं. वशिल्याशिवाय काही होत नाही."

आईने ते शेजारी सांगितलं. मी स्वतः मित्रांत सांगितलं. कुंडमला आल्यावर याच मांडवात, गप्पांच्या ओघात, बऱ्याच जणांना सांगितलं. वीस वर्षांत ते इतक्या वेळा बोललो की मलाच खरं वाटू लागलं.

आता शिकवण्याकडे येतो. माझं जे चुकलं ते मुलांचं चुकू नये म्हणून मी काही गोष्टी ठरवल्या आहेत. त्या सांगतो, घरी कुणाला उपयोग होईल.

पहिली गोष्ट, कुबडी नाही. आल्टो क्लेफ सरळ वाचायचा. त्यात एक सोय आहे. व्हायोलाच्या चारही मोकळ्या तारांचे स्वर रेषेवर नाहीत, जागेत बसतात. ए सगळ्यांत वरच्या रेषेच्या डोक्यावर, डी मधल्या रेषेच्या लगेच वर, जी सर्वांत खालच्या जागेत आणि सी पट्टीखालच्या छोट्या जोडरेषेच्याही खाली. म्हणून पहिल्या पोझिशनमध्ये पहिलं आणि तिसरं बोट नेहमी रेषेवर, दुसरं आणि चौथं जागेत. हा नियम मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. बोट आणि डोळा यांची ओळख झाली की स्वराचं नाव मागून येतं.

दुसरी, आधी लय. आपली मुलं तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर मोजू शकतात, ही त्यांची मोठी शिदोरी आहे. चार-चार मात्रांचे विभाग पाश्चात्त्य कागदावर उभ्या रेघांनी पाडलेले असतात, इतकंच. नवं पान आलं की वाद्य खाली ठेवायचं, टाळी देत फक्त लय म्हणायची. एखादा स्वर चुकला तर तो निघून जातो. लय चुकली तर सगळे अडकतात.

तिसरी, थांबायचं नाही आणि मागे वळायचं नाही. गाडी चालवणारा लोको पायलट चाकाखालचा रूळ बघत नाही, पुढचा सिग्नल बघतो. होम सिग्नलच्या आधी डिस्टंट सिग्नल असतो तो याचसाठी. वाचताना डोळा हातापेक्षा एक विभाग पुढे हवा. मी जुनं पोस्टकार्ड घेऊन बसतो आणि मूल जी मात्रा वाजवतंय ती झाकत जातो. पुढे बघण्याशिवाय त्याला गत्यंतरच राहत नाही. पहिले आठ दिवस मुलं रडकुंडीला येतात, मग सवय होते.

चौथी, कॉशन ऑर्डर. रुळाचं काम चालू असेल तिथं वेग कमी करण्याची लेखी सूचना चालकाला आधीच देतात, अमुक किलोमीटर ते अमुक किलोमीटर. तसं वाजवायला घेण्याआधी पान डोळ्याखालून घालायचं. कोणते स्वर तीव्र-कोमल, मात्रा किती, क्लेफ कुठं बदलतो, सर्वांत अवघड जागा कोणती. त्या अवघड जागेच्या हिशोबाने सुरुवातीचा वेग ठरवायचा. लंडनच्या रॉयल स्कूल्स मंडळाच्या ग्रेड परीक्षांत या न पाहिलेल्या पानासाठी १५० पैकी २१ गुण असतात आणि बघायला अर्धा मिनिट देतात. अर्धा मिनिट पुष्कळ असतो, काय बघायचं ते माहीत असलं तर.

पाचवी, रोज नवं पान. वाचलेलं पान पुन्हा वाजवलं तर ते वाचन राहत नाही, पाठांतर होतं. कुंडममध्ये रोज नवं पान कुठून आणायचं? आम्ही युक्ती केली. भातखंड्यांच्या पुस्तकातली एक बंदिश घ्यायची, प्रत्येक मुलाने तिचे आठ विभाग आल्टो क्लेफमध्ये लिहायचे आणि वह्यांची अदलाबदल करायची. लिहिणाराही शिकतो, वाचणाराही. इथं एक काळजी घ्यावी लागते. आपला सा कुठंही धरता येतो, त्यांचा सी जागचा हलत नाही. म्हणून पट्टीवरच्या स्वरांना आम्ही सी, डी, ई अशीच नावं वापरतो. सरगम गाण्यासाठी राखून ठेवली आहे.

राहिली ऑडिशनची तयारी. व्हायोलाच्या ऑडिशनला बहुधा एक कॉन्चेर्टो मागतात, स्टामित्झचा किंवा हॉफमाइस्टरचा, दोन्ही डी मेजरमधले. त्याशिवाय वाद्यवृंदाच्या संगीतातले लहान तुकडे आणि न पाहिलेलं पान. तुकडा आठ ओळींचा असला तरी अख्खी रचना ऐकायची, त्या वेळी बाकीचे काय वाजवत आहेत ते कानात असलं पाहिजे. मोबाइलवर स्वतःचं रेकॉर्डिंग करून दुसऱ्या दिवशी ऐकायचं. त्याच दिवशी ऐकलं तर आपण आपल्याला माफ करतो. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात आकसून सटकतात, हे घरून निघण्याआधी बघायचं. आणि महत्त्वाचं म्हणजे एकदाच वाजवण्याचा सराव. बाहेर पाच मिनिटं थांबायचं, आत यायचं, वाजवायचं, जायचं. दुसरी संधी नाही.

परदेशातल्या अनेक वाद्यवृंदांत १९७० नंतर ऑडिशनला पडदा लावू लागले. वाजवणारा पुरुष की बाई, काळा की गोरा, कुणाचा शिष्य, काहीच कळू नये म्हणून. चपलांचा आवाज ओळखू येऊ नये म्हणून कुठंकुठं खाली गालिचाही घालतात. आम्हीही मांडवाचं जुनं कापड दोरीवर टाकून तसा सराव करतो. मी पलीकडे पाठ करून बसतो. आपल्याकडेही आकाशवाणीची ऑडिशन पद्धत १९५०च्या दशकात, बाळकृष्ण केसकर मंत्री असताना, बसवली गेली. त्यावरून त्या वेळी बरीच नाराजी झाली होती. परीक्षा कुणालाच आवडत नाही. पण सगळ्यांना एकच मोजपट्टी लावायचा तो प्रयत्न होता.

आता कबुली.

माझ्या चार विद्यार्थ्यांत एक मुलगी आहे, आपल्या मंडळातल्याच एका शिक्षकांची. तिच्या वडिलांना विचारूनच हे सांगतो आहे. गेल्या डिसेंबरात ती एका संगीत संस्थेच्या प्रवेशाच्या ऑडिशनला गेली. सोबत मी होतो. बाहेर आली तेव्हा चेहरा पडलेला होता. म्हणाली, "काका, तिसऱ्या ओळीत मी थांबले. थांबायला नको होतं."

बस, एवढंच. संस्थेला नाव ठेवलं नाही, परीक्षकांना नाही, मलाही नाही. सतरा वर्षांची मुलगी जे एका वाक्यात बोलली ते मला वीस वर्षांत बोलता आलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने पुन्हा प्रयत्न करायचा म्हटलं. वडील म्हणाले, "नको. बी.एस्सी. कर." मी समजवायला गेलो. त्यांनी शांतपणे मला विचारलं, "भाऊ, तुम्हीच तर सांगितलं होतं ना, तिथं वशिला लागतो म्हणून? मग माझ्या पोरीची वर्षं का घालवू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवस झोप नीट लागली नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्याकडे गेलो आणि २००५ सालची खरी हकिगत सांगितली. मला वाचता आलं नाही, मी थांबलो, आणि लाज वाटली म्हणून खोटं बोललो. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "भाऊ, मला सांगितलंत ते ठीक. पण हे तुम्ही मांडवात सगळ्यांसमोर बोलला होता. आता हेही मांडवातच सांगा."

म्हणून आज इथं उभा आहे. जगात वशिला नसतोच असं मी म्हणत नाही, आपण सगळे नोकरदार माणसं आहोत. पण माझ्या बाबतीत तो नव्हता. जे घडलं ते माझ्या कच्च्या तयारीमुळे घडलं. माझं ते बोलणं ऐकून कुणी आपल्या मुलाला मागे ओढलं असेल, तर त्यांची मी हात जोडून क्षमा मागतो.

मित्रहो, आज मुलांसाठी दारं पूर्वीपेक्षा जास्त आहेत. मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. चेन्नईत ए. आर. रहमान यांनी २००८ साली संगीत विद्यालय काढलं. गोव्यात २००९ पासून चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन गरीब घरच्या मुलांना व्हायोलिन, व्हायोला, चेलो शिकवतं. रेल्वेतही सांस्कृतिक कोट्यातून भरती होत आली आहे, लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष वादन घेऊन. दारं आहेत. आत गेल्यावर समोरचं पान वाचता आलं पाहिजे.

ती मुलगी या हिवाळ्यात पुन्हा जाणार आहे, वडिलांनी होकार दिला आहे. निवड होईल की नाही ते मी सांगू शकत नाही. आता ती पान संपेपर्यंत थांबत नाही, एवढं मात्र छातीठोकपणे सांगतो.

शेवटी मंडळाकडे एक मागणं. मांडवामागच्या खोलीत वर्षभर आपलं सजावटीचं सामान असतं. विसर्जनानंतर ते एका भिंतीला लावून द्या, आम्ही मुलंच लावू. रोज संध्याकाळी एक तास ती खोली मिळावी, आणि एक चांगला दिवा. स्टँड मी लोखंडी पट्ट्या जोडून बनवून घेईन, त्याचा खर्च मंडळावर नाही. कुणाच्या माळ्यावर आजोबांचं व्हायोलिन धूळ खात पडलं असेल तर तेही द्या, तार बदलून ते पुन्हा बोलतं करू. बाप्पा विद्येची देवता आहे. त्याच्या मांडवामागे मुलं वाचायला शिकली तर त्याला आवडेलच.



गणपती बाप्पा मोरया!